जुने घर पाडावे की उतरवावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागर तालुक्यात खाडीकाठी आपले चिऱ्याचे, म्हणजे घडीव जांभ्या दगडाचे, कौलारू घर आहे. दाराच्या गणेशपट्टीवर, म्हणजे चौकटीच्या वरच्या कोरीव आडव्या लाकडावर, शके 1834 कोरलेले आहे, म्हणजे ते 1912 च्या सुमाराचे असावे. येत्या उन्हाळ्यात ते पाडून त्याच जागी नवे घर बांधायचे ठरले असून नव्या घराचा नकाशाही तयार आहे. ठेकेदार पाडणावळ घेणार नाही, पण निघालेला सगळा माल त्याचा, अशी त्याची बोली आहे. आपल्याला ओटीचे खांब, पुढचा दरवाजा आणि जमतील तेवढी कौले ठेवावीत असे वाटते, तर आपल्या बंधूंना गणेशपट्टी अमेरिकेतील मुलाकडे पाठवायची आहे. यातले काय शक्य आहे आणि ते कसे करावे, असे आपण विचारले आहे.

दापोलीपासून मालवणपर्यंत जुनी घरे उतरवून त्यांचे भाग पुन्हा बांधणीत बसवण्याचे काम मी अठ्ठावीस वर्षे करतो आहे. त्या अनुभवावर पहिली विनंती अशी की तयार नकाशा तूर्त बाजूला ठेवावा. जुन्या घराच्या भागांची मापे आधी घ्यावीत आणि नकाशा नंतर काढावा. हा क्रम उलटा झाला की सहा फुटांचा खांब साडेआठ फुटांच्या ओटीखाली उभा करायची वेळ येते. मग त्याला खाली सिमेंटचा आणि वर लोखंडाचा तुकडा जोडला जातो, किंवा तो दिवाणखान्याच्या कोपऱ्यात शोभेला उभा राहतो. वाचवलेला भाग पूर्वी जे काम करत होता तेच काम त्याला नव्या घरात मिळावे, या बेताने आखणी केली तरच या खटाटोपाला अर्थ आहे.

आमच्या धंद्यात पाडणे आणि उतरवणे ही दोन वेगळी कामे मानतात. पाडणारा वरून पहार घालतो, दोन दिवसांत मैदान करतो आणि मोडलेल्या ढिगातून विकण्याजोगे निवडतो. उतरवणारा घर ज्या क्रमाने चढले त्याच्या नेमक्या उलट क्रमाने ते खाली आणतो आणि त्याला तीन आठवडे लागतात. आपल्या ठेकेदाराची बोली पाडण्याची आहे. ती स्वीकारण्यापूर्वी एक साधा हिशेब घरच्या घरी करून पाहावा. इमारती लाकूड घनफुटावर विकले जाते. सहा इंची चौरस, आठ फूट उंचीचा एक खांब दोन घनफूट भरतो, तर आठ बाय सहा इंचांची बारा फुटी तुळई चार घनफूट भरते. आपल्या घरात असे बारा खांब आणि सहा तुळया असतील, तर वासे, रिपा (वाशांवरच्या, कौले टेकतात त्या पट्ट्या), दारे, माळ्याच्या फळ्या यांना हात न लावताच अठ्ठेचाळीस घनफूट लाकूड झाले. ते साग असेल तर जवळच्या वखारीत जुन्या सागाचा भाव विचारून यावे आणि मगच ठेकेदाराशी बोलावे. उतरवण्याची मजुरी रोख द्यावी आणि नको असलेला माल मोजून विकावा. सगळा व्यवहार एकाच तोंडी बोलीत मिसळला की नुकसान बहुधा घरमालकाचेच होते.

दुसरी गोष्ट कागदाची. कोकणातील मूळ घरे बहुधा सामाईक असतात. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर एकाचे नाव असले तरी हिस्सेदार मुंबईपासून बडोद्यापर्यंत विखुरलेले असतात. घर पाडायला संमती देणारा चुलतभाऊ खांब विकले जाताना दिसले की हरकत घेतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता हिस्सेदारांची लेखी संमती आणि मालाची यादी हातात आल्याशिवाय मी कौलालाही हात लावत नाही. सागाची वाहतूक तालुक्याबाहेर करायची असल्यास लाकूड जुने आहे एवढे तोंडी सांगून भागत नाही. वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात आधी चौकशी करून लागेल तो परवाना घ्यावा आणि घराचे उभे असतानाचे फोटो जवळ ठेवावेत.

आता काय ठेवावे याकडे येतो. माणसाची नजर नक्षीवर जाते, माझी टोकांवर जाते. तुळईचे मधले अंग शंभर वर्षांनंतरही घंटेसारखे वाजते, पण भिंतीत गाडलेली दोन्ही टोके ओल धरून कुजलेली असतात. टोचा घेऊन भिंतीलगत चार बोटांवर खुपसून पाहावा. तो अर्ध्या इंचाहून जास्त सहज आत गेला, तर तेवढा भाग कापावा लागणार हे धरून चालावे. बारा फुटांची तुळई अशा वेळी साडेदहा फुटांची उरते, आणि नव्या नकाशात घ्यायचे माप हे साडेदहाचे असते. खांबाची परीक्षा तळाशी करावी. तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या घडीव दगडावर, उभा असलेला खांब सहसा शाबूत असतो. मागाहून कोणी ओटीला कोबा करताना खांबाच्या पायाभोवती सिमेंट भरले असेल, तर नेमका तोच भाग आतून भुसभुशीत झालेला आढळतो.

लाकूड कोणते, हेही पाहावे. आपल्याकडे सगळे जुने लाकूड सागाचेच, असा एक गोड समज आहे. प्रत्यक्षात खांब, चौकटी, फळ्या यांत फणस भरपूर असतो, वाशांना ऐन आणि किंजळ असतो, आणि माळ्याच्या फळ्या कित्येकदा आंब्याच्या असतात. पटाशीने कोपऱ्यावरची बारीक ढलपी काढली की आतला पिवळाधमक फणस लगेच ओळखू येतो. फणसाला कमी लेखू नये. आतल्या गाभ्याचा जुना फणस घरात सागाच्या बरोबरीने टिकतो. आंब्याच्या फळीला भुंगेऱ्याची बारीक भोके आणि खाली पिठासारखा भुसा दिसला, तर मोह न धरता ती तिथेच सोडावी, कारण ती चांगल्या मालात ठेवली की सगळा साठा बाधतो.

उतरवण्याचा काळ दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंतचा. लाकूड कोरडे असते, आणि पावसापूर्वी ते आडोशाला नेऊन रचायला वेळ मिळतो. मे महिन्यात सुरू केलेले काम मृगाच्या सरीत भिजते. पहिला दिवस केवळ खुणा करण्यात घालवावा. प्रत्येक खांब, तुळई, वासा यांना क्रमांक द्यावा आणि त्याच क्रमांकांनी घराचा एक हाती नकाशा काढावा. खडूने लिहिलेले आकडे धुताना आणि तैलरंगाचे रंग काढताना जातात, म्हणून मी ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या लहान पट्ट्यांवर आकडा ठोकून त्या न दिसणाऱ्या बाजूला पितळी खिळ्याने लावतो. जुन्या सुतारांनीही हेच केलेले असते. कुसू, म्हणजे लाकडाच्या टोकाला कोरलेली जीभ, खाचेत शिरते त्या जागी दोन्ही भागांवर पटाशीच्या सारख्याच रेघा सापडल्या, तर त्या घासून काढू नयेत. कोणते कुसू कोणत्या खाचेचे, हे त्या रेघांवरून आजही कळते. काम सुरू होण्यापूर्वी घरच्या वडीलधाऱ्यांनी नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले तर मजुरांचा हातही सावध चालतो. आणि कौलांखाली विंचू व माळ्यावर साप असतोच, तेव्हा जाड हातमोज्यांना पर्याय नाही.

सर्वात आधी दारांच्या व खिडक्यांच्या फळ्या काढाव्यात, मग कौले. कौले दोन्ही पाख्यांवरून, म्हणजे छपराच्या उतारांवरून, बरोबरीने, वरच्या आढ्याकडून खाली उतरवावीत. एक पाखे पूर्ण रिकामे करून दुसऱ्यावर भार तसाच ठेवला, तर जुने वासे एका अंगाला कलतात. त्यानंतर रिपा, वासे, आढे, तुळया आणि खांब. चौकटी सर्वात शेवटी, त्यांच्यावरचे चिऱ्यांचे थर निघाल्यावर.

आपल्या पुढच्या दरवाजाविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण चुका इथेच होतात. इतक्या जुन्या दाराला बिजागरी नसण्याची शक्यता मोठी आहे. फळीच्याच लाकडात वर आणि खाली कोरलेली गोल खुंटी असते. खालची उंबरठ्यातल्या खाचेत फिरते आणि वरची गणेशपट्टीमागच्या जाड लाकडात. असे दार उचलून निघत नाही. निघत नाही म्हणून मजूर पहार घालतो, खालची खुंटी कटकन मोडते, आणि एका क्षणात शंभर वर्षांचे दार शोभेची फळी होऊन बसते. योग्य रीत अशी की आधी आतल्या बाजूचे, वरची खुंटी धरणारे लाकूड सोडवावे. ते बहुधा दोन-तीन लाकडी मेखांवर असते. मेखेला किंचित उतार असतो, म्हणून तिचे बारीक टोक शोधून त्या बाजूने लाकडी मोगरीने हलके ठोके द्यावेत. ते लाकूड सुटले की फळी थोडी तिरकी करून वर उचलता येते. चौकटीच्या बाह्या, उंबरठा आणि गणेशपट्टी मात्र एकमेकांपासून सोडवू नयेत. आतून दोन आडव्या आणि एक तिरपी फळी खिळवून सगळी चौकट एकसंध बाहेर काढावी. वरचे आणि खालचे लाकूड भिंतीत वीतभर घुसलेले असते, त्याला आम्ही कान म्हणतो. वाहतुकीला अडचण होते म्हणून कान करवतीने उडवण्याची घाई ठेकेदार करतात, पण नव्या भिंतीत चौकट पकडून ठेवणारी तीच जागा असते.

कौलांचे शास्त्र सोपे, पण चिकाटीचे आहे. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळूरला 1860 च्या दशकात काढला. त्यानंतर निघालेल्या अनेक कारखान्यांची कौले गलबतांतून आपल्या बंदरांत उतरली. कौल उलटे करून पाहावे, छाप दिसेल. दिसायला सारखी असली तरी दोन छापांची कौले एकमेकांच्या खोबणीत नीट बसत नाहीत आणि पावसाळ्यात गळती लागली की दोष रचणाऱ्याला दिला जातो. त्यामुळे उतरवतानाच छापाप्रमाणे वेगळे ढीग करावेत. प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवावे. खणखणीत वाजले तर ठेवावे, बद्द आवाज आला तर डोळ्यांना चीर दिसत नसली तरी बाजूला काढावे. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौले लागतात, या हिशेबाने आपल्याकडे एका छापाची किती निघतात ते पाहून त्यांच्यापुरतीच ओटी किंवा पडवी शाकारण्याचे ठरवावे, उरलेल्या छपरावर नवी घालावीत. साठवताना कौले वाळूवर उभी, एकमेकांना टेकून लावावीत. माझ्या उमेदवारीत मी ती आडवी, कमरेएवढी रचली होती. दोन-तीन किलोंचे एकेक कौल, त्यांचा भार खालच्यांवर आला आणि पावसाळा संपल्यावर खालचे तीन थर खापरांच्या रूपात हाती आले. शेवाळ ताठ ब्रशने आणि पाण्याने निघते, ॲसिड लावू नये.

जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातील कौलारू छपरे उडवली, त्यानंतर अनेकांनी पत्रे घातले. कौलांवरचा हा राग मला अर्धाच पटतो. वळचणीच्या दोन ओळी आणि आढ्याजवळची ओळ यांना कौलाच्या पाठीवरच्या भोकातून तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची तार ओवून रिपेला बांधले, तर छप्पर बरेच तग धरते. जुन्या छपरांना हे बांधणे क्वचितच केलेले असे.

चिऱ्यांचे भवितव्य दरजेवर, म्हणजे दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात काय भरले आहे त्यावर, ठरते. मातीत किंवा चुन्यात रचलेला चिरा पटाशीने सुटा होतो, सिमेंटच्या दरजेतला सुटत नाही, फुटतो. आपले घर खाडीकाठी असल्याने जोत्यालगतच्या थरांनी खारे पाणी शोषलेले असणार. असा चिरा नव्या भिंतीत घालून वर गिलावा केला, तर दोन पावसाळ्यांत लोणा, म्हणजे मिठाचा पांढरा थर, लागून गिलावा सुटतो. ते थर गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीला, आणि पायऱ्यांना वापरावेत. वरचे चिरे भिंतीला चालतील, पण त्यांची जुनी बाहेरची बाजू बाहेरच ठेवावी. जांभा हवेवर कठीण होत जातो. गवंडी तो सफाईसाठी पुन्हा ताशीत असेल तर त्याला थांबवावे, कारण वरची टणक साल गेली की आतला मऊ भाग पावसाच्या तोंडी येतो.

लाकडाची सफाई करताना एक धोका ध्यानात ठेवावा. जुन्या तैलरंगांत शिसे असते. घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची, मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांविषयी खात्री धरता येत नाही. म्हणून रंग सुका घासू नये आणि ज्योतीने जाळूही नये. रंग काढणारे रसायन लावून, ओला ठेवून खरवडावा, तोंडाला चांगला मास्क असावा, मुले जवळ नसावीत, आणि निघालेला चोथा परसात टाकू नये. कॉस्टिक सोड्याच्या हौदात दारे बुडवणारे कारागीर आढळतात. त्याने रंग झटकन निघतो, पण लाकूड काळवंडते आणि सांधे ढिले होतात. रंध्याला तर मी बंदीच घातली आहे, कारण लाकूड तासण्याच्या जुन्या वाकसाच्या खुणा त्या लाकडाच्या अंगाचा भाग आहेत.

कोरड्या, घरातल्या भागांना किडीविरुद्ध बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे द्रावण दोन-तीन हात द्यावे. ते पावसाने धुऊन जाते, त्यामुळे बाहेरच्या वाशांना त्याचा उपयोग नाही. बाहेरच्यांना आपल्याकडे काजूच्या टरफलाचे तेल लावत आले आहेत आणि ते खरोखर उपयोगी आहे. मात्र कातडीवर पडल्यास ते भाजते, म्हणून नवख्याच्या हाती देऊ नये. साठा जमिनीपासून वीतभर उंच, थरांमध्ये रिपा घालून, वारा खेळेल अशा पडवीत रचावा. ताडपत्रीत घट्ट गुंडाळलेले लाकूड पावसाळ्यात बुरशीने भरते.

आता नव्या घरातील जागा. खांब ओटीलाच द्यावेत, त्यांच्याच तळखड्यांवर, आणि तळखड्यातून स्टेनलेस स्टीलची जाड सळई वर काढून ती खांबाच्या बुडात चार इंच घुसवावी. लाकूड कोठेही काँक्रीटमध्ये गाडू नये. समुद्राच्या वाऱ्यात साधे लोखंड गंजून फुगते आणि लाकूड आतून चिरते, त्यामुळे नवे स्क्रू व पट्ट्या 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या किंवा पितळी घ्याव्यात. जुन्या तुळयांवर नवा मजला पेलायचा असेल, तर त्यांतील खाचा दाखवून संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. झोपाळ्याच्या कड्या अडकवलेली तुळई वेगळी ओळखून ठेवावी, आणि कड्या जिथे एकमेकींवर घासतात तिथे किती झिजल्या ते पाहावे. रिकाम्या खाचा पुट्टीने बुजवू नयेत. तशाच ठेवाव्यात, किंवा त्याच लाकडाचा तुकडा बसवावा.

दरवाजा बुटका आहे, वाकून जावे लागते, अशी तक्रार घरातून येईलच. चौकट कापून उंची वाढत नसते. तिला पुढच्या दाराऐवजी ओटी आणि माजघर यांच्यामधल्या भिंतीत द्यावे, उंबरठ्याखाली चिऱ्याचा एक थर घ्यावा आणि दोन्ही बाजूंना पायरी करावी. दाराचे टेबल करण्याची सूचना कोणी केली, तर दार इतके मोडलेले आहे का, एवढेच विचारावे.

या कामातील माझी एक चूक सांगतो. येथील फणसाचे एक दार पुण्याच्या एका वातानुकूलित घरात बसवताना मी फळ्या फटी राहू नयेत म्हणून चारही बाजूंनी सरसाने पक्क्या चिकटवल्या. कोकणातल्या दमट हवेत शतकभर फुगलेले लाकूड तिथल्या कोरड्या हवेत आकसले. त्याला हलायला जागा नव्हती. पहिल्याच उन्हाळ्यात मधली फळी उभी तडकली. तेव्हापासून घाटावर जाणारे लाकूड मी त्या घरातच दोन महिने ठेवून मग जोडतो आणि फळ्या खोबणीत मोकळ्या ठेवतो.

शेवटी गणेशपट्टीचा प्रश्न. 1972 च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यात शंभर वर्षे किंवा त्याहून जुन्या ज्या वस्तू पुरावशेष धरल्या आहेत, त्यांत इमारतीपासून सुट्या केलेल्या वस्तूंचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि पुरावशेष देशाबाहेर पाठवण्याची मुभा खासगी व्यक्तीला नाही. आपल्या पट्टीवर तर साल स्वतःच कोरलेले आहे. त्यामुळे ती अमेरिकेला पाठवता येणार नाही, आणि सामानात घालून नेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. कोरीव लाकूडकामाची नोंदणी करावी लागते का, हेही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे विचारून घ्यावे. बंधूंच्या मुलासाठी त्याच मापाची प्रतिकृती येथल्या कारागिराकडून फणसात कोरून घेता येईल. तिच्या मागील बाजूस ती घडवल्याचे चालू साल ठळक कोरावे, कारागिराचे बिल जपावे, आणि सीमाशुल्क खात्याने अडवू नये म्हणून ती पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र सर्वेक्षणाकडून आधी घ्यावे. मूळ पट्टी चौकटीवर, आहे तिथेच राहू द्यावी.